समाधीच्या अभंगातील चौथा चरण

बेळगावी-निपाणी भागातील आपल्या मंडळ्यांना दफनविधीसाठी दोन प्रकारची गीते ठाऊक आहेत: इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरे, आणि रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेत रुजविलेले अभंग. कबरेपाशी कोणती रचना शोकाला साजते, हे ठरविताना संत नामदेवांच्या नावे असलेल्या समाधीच्या अभंगांचा अभ्यास उपयोगी पडेल. ‘ज्ञानेश्वरी’च्या कर्त्याने इ. स. १२९६ मध्ये आळंदीस घेतलेली समाधी हा त्यांचा विषय होय.

हे वृत्त मोठ्या अभंगाचे आहे. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा चौथा. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. सूर्य मावळल्याचा उल्लेख असलेले प्रसिद्ध कडवे पाहावे. तेथे ‘दिनकर’ या शब्दाचे यमक ‘ज्ञानेश्वर’ या नावाशी जुळते. अर्थात जे रूपक सांगावयाचे ते यमकानेच सांगितले. छापील अक्षरे मोजल्यास दुसरा चरण सातांचा भरतो; गाणारा ते अक्षर सहज सामावून घेतो. मग उरतो एकच शब्द: ‘समाधिस्थ’. त्याला यमक नाही, जोडीदार नाही. ओवीतही पहिले तीन चरण यमकाने बांधलेले व चौथा आखूड, मोकळा असतो. ‘ज्ञानेश्वरी’च्या कर्त्याचा शोक त्याच्याच छंदाच्या सख्ख्या भावंडात गाइला गेला आहे.

याउलट आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या इंग्रजी चालीत यमक अखेरच्या शब्दावर पडते आणि कडवे दार लावल्यासारखे मिटते. शिवाय इंग्रजी आघात सांभाळताना मराठीतील ऱ्हस्व अक्षरे विनाकारण ताणली जातात. शोकाकुल माणसास पुस्तकावाचून असे गीत म्हणणे कठीण जाते. अभंगाची चाल मात्र या भागातील भजनांमुळे त्याच्या कानात आधीच बसलेली असते.

छंद घ्यावा, सिद्धांत नव्हे, हे सांगणे अगत्याचे आहे. समाधी योग्याने स्वेच्छेने घेतलेली; आपला मृत बंधू पुनरुत्थानाची वाट पाहतो. तथापि प्रभू येशूही लाजराला हाक मारण्यापूर्वी रडला (योहान ११:३५). त्या अश्रूंना व त्या आशेला चौथ्या चरणात जागा आहे. नवी गीते रचणाऱ्या पाळकांनी व उपदेशकांनी तेथे ओढूनताणून यमक जुळवू नये. तो चरण मोकळाच राहू द्यावा.