ब्राँझविना राहिलेले शिल्प

अमेरिकन शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज (१८९२–१९६२) यांच्यावरील लेखन बहुधा एका छायाचित्रापाशी येऊन हळहळते. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातले त्यांचे १६ फूट उंचीचे शिल्प त्यात दिसते. उतरत्या उंचीने उभे असलेले कृष्णवर्णीय गायक म्हणजे हार्पच्या तारा. त्यांना खालून पेलणारा ईश्वराचा हात. आणि पुढे गुडघे टेकून बसलेला, हाती स्वरलिपी घेतलेला तरुण. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ या गीताचे नाव सॅव्हेज यांनी शिल्पाला दिले होते. आयोजकांनी ते ‘द हार्प’ केले. प्लास्टरच्या या शिल्पाचे ब्राँझमध्ये ओतकाम करायला किंवा ते साठवून ठेवायला पैसा नव्हता. प्रदर्शन संपल्यावर ते पाडण्यात आले. उरल्या त्या आठवणवस्तू म्हणून विकलेल्या छोट्या धातूच्या प्रतिकृती.

केवळ नष्ट झाले म्हणून हे शिल्प श्रेष्ठ ठरवावे, असे मला वाटत नाही. त्यातले रूपक पहिल्याच नजरेत उलगडते, आणि झग्यांच्या उभ्या चुण्यांत माणसे तारा होऊन जातात. याउलट ‘गामिन’ (१९२९) पाहावे. तिरपी टोपी, चुरगळलेला सदरा, वयाआधी शहाणी झालेली नजर. तो मुलगा कशाचेच प्रतीक नाही, म्हणूनच तो विसरता येत नाही. स्मिथसोनियन संग्रहालयातली त्याची प्रतही रंगवलेल्या प्लास्टरचीच आहे. ब्राँझ परवडत नसलेल्या कलावंताचे हे माध्यम होते.

ही चणचण केवळ नशिबाची नव्हती. मातीच्या आकृत्या केल्याबद्दल धर्मोपदेशक वडिलांनी लहानपणी मारले, तो घरचा विरोध. पण १९२३ मध्ये फाँतेनब्लोच्या उन्हाळी कलाशाळेचा प्रवेश अमेरिकन निवड समितीने वर्णामुळे नाकारला, तेव्हा सॅव्हेज यांनी प्रकरण वृत्तपत्रांत नेले. निर्णय बदलला नाही.

पॅरिसहून परतल्यावर १९३२ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये स्टुडिओ उघडून शिकवायला सुरुवात केली. पुढे त्या हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटरच्या पहिल्या संचालक झाल्या. सरकारी कलायोजनेत घेण्यासाठी त्या जेकब लॉरेन्सला घेऊन गेल्या, तेव्हा वय कमी म्हणून तो परत पाठवला गेला. तो २१ वर्षांचा होताच त्या त्याला पुन्हा घेऊन गेल्या. लॉरेन्स पुढे विसाव्या शतकातला महत्त्वाचा अमेरिकन चित्रकार ठरला. या तरुणांच्या हातून घडणारे कामच आपले स्मारक, अशी सॅव्हेज यांची भावना होती.

समीक्षक हे वाक्य आनंदाने उचलतात. मला मात्र त्याची सोय खुपते. ‘शिष्य हेच स्मारक’ म्हणण्याचा अधिकार सॅव्हेज यांचा होता. आपण तेच म्हणतो तेव्हा ओतकामाचा खर्च न उचलणाऱ्यांना सूट देतो. प्रदर्शनाच्या शिल्पासाठी रजा घेऊन त्या केंद्रात परतल्या, तर त्यांच्या जागी दुसरी नेमणूक झालेली होती. म्हणजे त्याच एका कामापायी संचालकपद गेले, आणि अखेर शिल्पही राहिले नाही. पुढे त्या सॉगर्टीज या गावी राहायला गेल्या.

सार्वजनिक शिल्पाची समीक्षा करताना आपण आकार, आशय, शैली पाहतो. धातूचे पैसे कोणी दिले आणि कोणाला दिले नाहीत, हाही प्रश्न त्याच समीक्षेतला आहे. सॅव्हेज यांच्या बाबतीत तरी तो शेवटी नव्हे, आधी विचारायला हवा.