कात्री आणि सांधा : नाट्यसंहितांतून कापलेल्या कवितेचे निकष

अभिजात नाटकांच्या संहिता कापून, त्यांतील शब्द व ओळी नव्याने जोडून कविता रचण्याच्या स्पर्धा भरवल्या जातात, तेव्हा परीक्षणाचा प्रश्न अटळपणे उपस्थित होतो. ज्या रचनेतील एकही शब्द रचनाकाराचा नाही, तिचे गुणदोष शोधावयाचे ते कशात? प्रचलित उत्तर यदृच्छेकडे निर्देश करते. १९२० साली त्रिस्तान त्झारा याने वर्तमानपत्रातील शब्द कापून, पिशवीत हलवून, हाती येतील त्या क्रमाने उतरवून घेण्याची कृती सांगितली. १९५९ मध्ये पॅरिस येथे ब्रायन गायसिन आणि पाठोपाठ विल्यम बरोज यांनी ‘कट-अप’ तंत्र घडवले. लेखकाच्या हेतूचे प्रभुत्व झुगारणे हे या परंपरेचे बळ होय. तथापि यदृच्छा हाच निकष मानल्यास परीक्षणच अशक्य होते. एक योगायोग दुसऱ्याहून सरस ठरवता येत नाही.

याहून जुनी परंपरा अधिक उपयुक्त ठरते. चौथ्या शतकात रोमन सम्राट पहिला व्हॅलेंटिनियन याने व्हर्जिलच्या ओळी जोडून विवाहकाव्य रचले आणि ऑसोनियस या कवीला त्याच विषयावर तशीच रचना करण्याची आज्ञा दिली. ही स्पर्धा अवघड होती: सम्राटावर मात करणे धोक्याचे, मुद्दाम हरणे लाचारीचे. ऑसोनियसने आपल्या रचनेसोबत या प्रकाराचे नियमही नोंदवले. ओळ यतिस्थानी तोडावी. मुळातील दोन ओळी सलग उचलणे बेढब आणि तीन उचलणे तर पोरखेळ. त्याने उपमा दिली ती हाडाच्या चौदा तुकड्यांच्या खेळाची. जाणत्या हातात त्यांचा हत्ती होतो, अजाणत्या हातात हास्यास्पद जुळणी. निकष लावला आहे तो सांध्याला. समस्यापूर्तीच्या परंपरेतही तो अपरिचित नाही. नवव्या शतकातील जिनसेनाच्या ‘पार्श्वाभ्युदया’त ‘मेघदूता’च्या ओळी गुंफलेल्या आहेत, आणि तेथेही कसोटी जोडणीचीच आहे.

नाटकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गहन होतो. काव्यातील ओळीमागे कवीचा आवाज असतो, तर नाटकातील ओळ एका पात्राने, एका प्रसंगी, दुसऱ्या पात्राला उद्देशून उच्चारलेली असते. ती कापताच वक्ता, प्रसंग आणि श्रोता हे तिन्ही गळून पडतात. म्हणून नाट्यसंहितेतून घडलेल्या कवितेला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: हे आता कोण बोलत आहे?

‘ख्रिस्तोस पास्खोन’ हे बायझंटाइन नाटक असे उत्तर देते. ते परंपरेने नाझियान्झसच्या ग्रेगरीच्या नावे असले, तरी आज बहुतेक अभ्यासक ते अकराव्या-बाराव्या शतकातील मानतात. त्यातील बराच मोठा भाग युरिपिडीसच्या ओळींचा आहे. पुत्राला मारणाऱ्या मातांच्या तोंडचे शब्द येथे पुत्र गमावलेल्या मेरीच्या मुखी येतात. जुना वक्ता पुसला जात नाही. नव्या शोकामागे त्याची सावली उभी राहते.

या नाटकाला आणखी एक अनपेक्षित महत्त्व लाभले आहे. युरिपिडीसच्या ‘बॅकाय’मध्ये अगावे उन्मादाच्या भरात स्वतःच्या मुलाचे, पेन्थियसचे, तुकडे करते, भानावर आल्यावर त्या विच्छिन्न देहावर विलाप करते. उपलब्ध हस्तलिखितात नेमका हा विलाप खंडित आहे. त्याची पुनर्रचना करताना अभ्यासकांना ‘ख्रिस्तोस पास्खोन’मधील ओळींचा आधार घ्यावा लागतो. फाटलेल्या देहावरचा मूळ शोक आज अंशतः तरी ऐकू येतो, तो संहिता फाडणाऱ्या एका रचनाकारामुळे.

म्हणूनच अशा स्पर्धेत कात्रीच्या धिटाईला गुण देऊन भागणार नाही. कापलेल्या ओळीला नवा वक्ता लाभला आहे काय, आणि जुन्या वक्त्याची आठवण सांध्यात टिकली आहे काय, हे तपासावे लागेल. ज्या रचनेत हे दोन्ही घडत नाही, तिच्यात नाटकही उरत नाही आणि कविताही सिद्ध होत नाही.