पितळी पातेले, बाळाचे यकृत आणि गाळलेली पेशी

नागपूरजवळचे भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळी पातेली रोज वापरणाऱ्या पिढीला कल्हईवाला नक्की आठवत असेल. भांड्याला आतून कथलाचा लेप कशासाठी, असे विचारले की घरातली मोठी माणसे सांगत, ‘नाहीतर अन्न कळकते.’ कळकणे म्हणजे भांड्यातले तांबे अन्नात उतरणे.

या अनुभवाशी जोडलेली एक गोष्ट विज्ञानाच्या व्याख्यानांत सांगितली जाते. भारतातील लहान मुलांना, विशेषतः वयाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, सिरॉसिस होत असे. यकृत कडक, गाठाळ होई आणि बहुतेक मुले दगावत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कारण सुचवले : पितळी भांड्यात तापवलेले, साठवलेले जनावराचे दूध बाळाला फार लवकर सुरू करणे. पुढे पितळेची जागा स्टीलने घेतली आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

ही गोष्ट खरी आहे. आमचा आक्षेप आहे तो ती सांगण्याच्या पद्धतीला. भांड्यावरून थेट सिरॉसिसवर उडी मारली जाते आणि मधली पेशी गाळली जाते. त्यामुळे ऐकणाऱ्यांपैकी काही जण ‘पितळ म्हणजे विष’ म्हणतात, तर काही ‘आमच्या आजोबांना कुठे काय झाले?’ असे विचारतात. दोघांनाही उत्तर देता येत नाही.

मग पेशीत काय दिसत होते? बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ फ्रँक मॅलरी यांनी १९११ मध्ये मद्यपींच्या यकृतपेशींत काचेसारखे दिसणारे वेडेवाकडे गोळे वर्णिले होते. ते दारूची खूण मानले गेले. पण दारूचा थेंबही न घेतलेल्या या बाळांच्या यकृतात तेच गोळे मोठ्या संख्येने आढळत. म्हणजे ती दारूची खूण नव्हती, पेशीवरील ताणाची होती.

हे गोळे मुख्यतः केराटिन ८ व केराटिन १८ या प्रथिनांचे असतात. निरोगी पेशीत ही प्रथिने तंतूंचे जाळे विणून पेशीला बळकटी देतात. प्रथिन कामाला येते ते त्याची विशिष्ट घडी बसल्यावर. पेशीत तांबे साचले की त्यातून तयार होणारी क्रियाशील ऑक्सिजन-संयुगे प्रथिनांना इजा करतात. घडी बिघडलेल्या प्रथिनाला पेशी युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लावते आणि त्याचे तुकडे करते. या शोधासाठी २००४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. मॅलरीच्या गोळ्यांत चिठ्ठी लागलेली, पण मोडीत न निघालेली प्रथिने सापडतात. कचरा वेचला गेला, उचलला मात्र गेला नाही.

येथे दुसरी घाई टाळावी. गोळा दिसला म्हणजे तोच गुन्हेगार ठरत नाही. केराटिन ८ नसलेल्या उंदरांत हे गोळे बनत नाहीत, तरी विषारी द्रव्यांनी त्यांच्या यकृताला अधिक इजा होते. उलट अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या आनुवंशिक विकारात साठाच घातक असतो. या प्रथिनातील ३४२वे अमिनो आम्ल बदलले की त्याचे रेणू एकमेकांत अडकून साखळ्या बनतात आणि यकृतपेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत तुंबून राहतात. यकृत साठ्याने बिघडते, तर फुप्फुसे त्याच प्रथिनाच्या तुटवड्याने.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तरही पेशीच्या मार्गानेच मिळते. जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकणे हे यकृताचे काम. तान्ह्या बाळात ही यंत्रणा अजून अपुरी असते. दुधातील केसिन तांबे धरून ठेवते, त्यामुळे दूध पाण्यापेक्षा अधिक तांबे ओढते. तरीही तसेच दूध प्यालेली सगळी मुले आजारी पडली नाहीत. ऑस्ट्रियातील टायरोलमध्ये १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच रोगाने दगावली. तेथेही दूध तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यातले होते, आणि कुटुंबांच्या अभ्यासातून आनुवंशिक दोषाकडे बोट दाखवले गेले. भारतातही असा दुसरा घटक असावा, असे अनेक संशोधक मानतात. पुण्याच्या संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच कारणाला ‘संभाव्य’ म्हटले होते. गोष्ट सांगताना आपण नेमका तोच शब्द गाळतो.

वर्गात आपण पेशीला कारखाना म्हणतो, पण फळ्यावर रायबोसोमपाशी थांबतो. माल तपासणारे आणि टाकाऊ माल मोडणारे खातेही त्या चित्रात हवे. सुरुवात अंड्याच्या पांढऱ्या बलकाने करावी. तो तापवला की प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांत गुंततात. थंड केल्यावर बलक पुन्हा पातळ होत नाही. मग विद्यार्थ्यांना विचारावे, असे गोळे पेशीत साचू लागले तर पेशी काय करील? या प्रश्नावर वर्ग थोडा वेळ अडला, तर पितळी पातेल्याची गोष्ट त्यानंतर सांगावी.