‘फँड्री’ : पालखी आणि दिवा

श्री. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट २०१४ साली प्रदर्शित झाला. पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला, आणि उपेक्षितांचे चित्रण म्हणून त्याची स्तुतीही पुष्कळ झाली. परंतु उपेक्षित मनुष्य पडद्यावर दिसला, एवढ्यानेच त्याला न्याय मिळाला असे आम्ही मानीत नाही. तो कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणाच्या दृष्टीने दिसतो, हेही पाहिले पाहिजे.

या कसोटीस चित्रपट उतरतो. जब्याचे कुटुंब घरात कैकाडी बोलते, गावात मराठी. ‘फँड्री’ हा कैकाडी शब्द, अर्थ डुक्कर. घरच्या भाषेतला साधा शब्द गावाच्या तोंडी शिवी होतो. घरी कोंकणी आणि पोथीकीर्तनात मराठी अशा दोन भाषांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हा उंबरठा परिचयाचा आहे. मात्र तो ओलांडताना जात उघडी पडेल, ही धास्ती आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास आली नाही. जब्याच्या वाट्यास ती रोजच येते.

आमच्या मते चित्रपटाचा गाभा जत्रेच्या प्रसंगात आहे. नवे कपडे घालून जब्या मिरवणुकीत नाचतो. क्षणभर तो गावातलाच एक होतो. तोच बाप त्याला बोलावून डोक्यावर दिवा देतो. ज्या उजेडात गाव नाचते, त्याच उजेडात त्याची लाज सर्वांस दिसते. येथे दिग्दर्शकाने देवाची निंदा केलेली नाही. देवापुढे सारे समान म्हणणाऱ्या उत्सवात ओझी कशी वाटली जातात, एवढेच दाखविले आहे. श्री. किशोर कदम यांचा कचरू मुलावर कठोर होतो, तो मुलीच्या लग्नाच्या काळजीने आणि गावाच्या धाकाने. गरीब बापाला भाबडा सज्जन करून ठेवण्याचा मोह टाळल्यामुळेच हे कुटुंब खरे वाटते. पुढे डुकरामागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते, आणि डुक्कर निसटते. या प्रसंगावर भाष्य करण्याची दिग्दर्शकाला गरज भासत नाही.

तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. शालू ही जब्याच्या नजरेपुरतीच उरते. तिचे स्वतःचे मन आपणांस कळत नाही. घरातल्या बहिणीही बहुधा काम करताना दिसतात, बोलताना क्वचित. जो चित्रपट एका मुलाला इतक्या समजुतीने पाहतो, त्याने या मुलींकडे थोडे अधिक पाहावयास हवे होते.

शेवटी जब्या दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. कित्येकांना हा शेवट भडक वाटला. आम्हांस तो अपरिहार्य वाटतो. वरच्या आळीतल्या पोरांबरोबर हसणारे आपण नव्हेत, अशी समजूत करून घेऊन सभागृहाबाहेर पडण्याची वाटच तो बंद करतो.

आमच्या वाचकांतील अनेक जण देवस्थानांच्या कारभारात आहेत. त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि पुढच्या उत्सवात पालखीला हात जोडताना तिच्यापुढे दिवा वाहणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय, हे मनाशी विचारावे.