अठरावा अर्ज

ज्या गावातून बदली व्हावी म्हणून मी अडीच वर्षांत सतरा अर्ज केले, त्याच गावाला जाण्यासाठी परवा मी अठराशे रुपये मोजले. नाश्ता, जेवण आणि 'निसर्गाशी संवाद' धरून. चहा वेगळा.

गाव म्हणजे मुलचेरा. १९८४ साली मी तिथे मास्तर म्हणून रुजू झालो. गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपुरातून वेगळा निघालेला. सरकारी नोकरांच्या भाषेत त्या सगळ्या मुलखाला 'काळं पाणी' म्हणत. तिकडे बदली झाली म्हणजे माणसाने कुठेतरी माती खाल्ली असणार, असा समज होता. माझी तर पहिलीच नेमणूक. माती खायला अजून वेळच मिळाला नव्हता. पण आमच्या होणाऱ्या सासऱ्यांना हे पटवून द्यायला दोन मध्यस्थ लागले.

तर अशा त्या गावात मी अडीच वर्षं काढली. खोली, शाळा आणि एस.टी.चा थांबा हा माझा त्रिकोण. शनिवारी अर्धी शाळा सुटली की गाडी धरायची आणि चंद्रपूर गाठायचं. त्या त्रिकोणाच्या बाहेर जंगल आहे, असं मी ऐकून होतो.

परवा मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुमच्या मुलचेऱ्याला चंद्रपुरातून एक दिवसाचा ट्रेक निघतोय. बाराच माणसं, बरोबर गाइड. मी तुमचं नाव घातलंय." 'तुमच्या' मुलचेऱ्याला! मी काही बोलायच्या आत पैसे गेले होते आणि पावती आली होती. आमची ही एवढंच म्हणाली, "तेव्हा सरकार पगार देत होतं तरी राहवत नव्हतं. आता पैसे भरून चाललात!"

आता नाटकाचं परीक्षण छापून येतं, गाण्याच्या बैठकीचं येतं, मग सहलीचंच का येऊ नये? तिलाही तिकीट असतं, मध्यंतर असतं, आणि मागच्या रांगेतले लोक तिथेही बोलत असतात. म्हणून एका समीक्षकाच्या गांभीर्याने मी पहाटे साडेचारला डोक्याला मफलर गुंडाळून बाहेर पडलो.

प्रथम संहितेविषयी. प्रत्येकाच्या हाती एक छापील वेळापत्रक देण्यात आलं. पाचला प्रस्थान, आठला नाश्ता, नऊ ते साडेअकरा पदभ्रमण, साडेअकरा ते पावणेबारा शांतता. होय, शांतता. पंधरा मिनिटं. ती संपली की भोजन. निसर्गाशी संवाद दुपारी सव्वा ते दीड. बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा तो सुप्रसिद्ध वास खिडकीतून आत आला तेव्हा मनात आलं, याच रानातला बांबू पिढ्यान्‌पिढ्या इथे येऊन लगदा झाला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपल्या पोटी एक दिवस रानाचं वेळापत्रक जन्माला येणार आहे!

नायकाचं काम करणारा तरुण, ज्याला सगळे 'लीडर' म्हणत होते, मुलगा गुणी होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्यावर टीका करणार आहे. त्याच्याकडे औषधांची पेटी होती, दोर होता, आणि दर अर्ध्या तासाने तो आम्हाला मेंढरांसारखं मोजत होता. बारा भरले की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटे तो पाहण्यासारखा असे. एका काकूंची पिशवी त्याने दिवसभर खांद्यावर वागवली. त्याचा दोष एकच. त्याच्या गळ्यात शिट्टी होती.

गोंडपिपरी गेली, आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला. इथून थोडं खाली, चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात आणि प्राणहिता होऊन दक्षिणेला निघतात. अडीच वर्षं मी मुलांकडून हा संगम नकाशावर बोटाने गिरवून घेतला, पण स्वतः पाहिला नव्हता. परवाही पाहिला नाही. वेळापत्रकात नव्हता.

चहाला थांबलो ते एका बंगाली वसाहतीत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या भागात जमिनी देऊन वसवलं. त्यांनी भातशेती केली, तळी राखली, मासे धरले. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "अरेच्चा, इथे बंगाली कसे?" लीडर म्हणाला, "काका, दहा मिनिटं आहेत." दहा मिनिटांत फाळणी कशी सांगणार? त्यांनी रसगुल्ला खाल्ला आणि प्रश्न मिटला.

इथे थोडं विषयांतर करतो. समीक्षकाला तेवढी मुभा असते. हा एक दिवसाच्या सहलीचा प्रकार विलायतेतला. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या सद्‌गृहस्थाने लेस्टरहून लाफबरोला आगगाडीने सुमारे पाचशे माणसं नेली. माणशी एक शिलिंग. आणि कशासाठी? तर दारूबंदीच्या सभेसाठी! पुढे त्यातून केवढा थोरला धंदा उभा राहिला. सहलीला निघालेल्या मंडळींनी मूळ हेतू कुठे ठेवला, हा प्रश्न आपण विचारायचा नाही.

पण वाट दाखवणारा पुढे आणि बाकीचे मागे, हे काही आपल्याला विलायतेने शिकवलं नाही. आपली वारी काय आहे? दिंडीला क्रम आहे, मुक्काम ठरलेले आहेत, हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली शिस्त अजून चालते. पण तिथे चोपदार नुसता दंड उंच करतो आणि हजारो माणसांचा टाळमृदंग जागच्या जागी थांबतो. आमच्या बाराजणांना गप्प करायला शिट्टी लागत होती, आणि ती वाजली की झाडावरची पाखरं तेवढी गप्प होत. माणसं बोलतच राहत.

तर पदभ्रमण. रानाच्या कडेला एक वाटाड्या आमची वाट बघत उभा होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला टॉवेल, हातात कुऱ्हाड. लीडरने त्याची ओळख करून दिली ती अशी : "हे आपले लोकल दादा. रस्ता दाखवतील. माहिती मी देईन." समीक्षकाच्या दृष्टीने प्रयोग इथेच फसला. ज्याला नाटक पाठ आहे त्याला पडदा ओढायला ठेवलं आणि भूमिका दिली पुस्तक बघून वाचणाऱ्याला.

लीडर एका झाडापाशी थांबला, मोबाइल काढला आणि म्हणाला, "हा ऐन. टर्मिनेलिया." सगळ्यांनी फोटो काढले. पुढे सरकले. वाटाड्या मागे रेंगाळला होता, आणि मीही, गुडघ्यांमुळे. तो सालीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "मगराच्या कातड्यावानी दिसते न जी? याच्या पोटात उन्हाळ्यात पाणी रायते. आन्‌ कोशाचे किडे याचाच पाला खाते." ज्या कोशाचं टसर रेशीम होतं आणि ज्याची साडी आमच्या हिला लग्नात हवी होती, तो कोसा या झाडावर पोसतात हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, हे इथे सांगितलं नाही तरी चाललं असतं.

मग मी मागेच राहिलो. गुडघे दुखतात असं सांगितलं की माणसाला हवं तितकं मागे राहता येतं. वाटाड्याने मला वारूळ दाखवलं. रात्री अस्वलाने उकरलेलं, माती अजून ओली. एके ठिकाणी तो थांबला, वास घेतला आणि आम्हाला वळसा घालायला लावलं. का, ते सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाला, "काई नाई जी. त्याची वाट आहे, आपण कायले आडवं जावं?"

साडेअकराला शिट्टी वाजली. शांतता सुरू झाली. एका मोठ्या मोहाखाली आम्ही बसलो. तीन मिनिटं बरी गेली. मग एका तरुणाने कुजबुजत विचारलं, "दादा, वाघ दिसेल का हो?"

"नोको दिसो, असं म्हणा जी," वाटाड्या म्हणाला. आणि जरा थांबून, झाडाकडे बघत, "मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची बाई गेली. मोह वेचत होती. खाली वाकलेल्या माणसाले तो माणूस समजत नाई."

या दोन जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत मोहफुलं आणि तेंदूपानं वेचताना वाघाने कितीतरी माणसं मारली. चंद्रपुरात बसून आपण ते पेपरात वाचतो, पान उलटतो. पण झाड समोर आणि सांगणारा समोर असला की पान उलटता येत नाही. सकाळपासून पहिल्यांदाच बाराही माणसं खरोखर गप्प झाली. एवढ्यात शिट्टी वाजली. शांततेची वेळ संपली होती.

सगळे उठून जेवायला गेले. मी बूट घालत होतो. वाटाड्या जवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी मले वळखलं नाई का जी?"

मी पाहतच राहिलो. चाळीस वर्षांपूर्वीच्या खेपेला मी या माणसाला काहीतरी शिकवलं होतं म्हणे.

"तुमी हजेरी लय कडक घेत होते," तो हसून म्हणाला. "चैतात मी शाळेत नाई येत होतो. माय संगं पहाटे मोह वेचाले जाव. तुमी माह्या नावापुढं लाल शाईनं गैरहजर मांडत होते. आन्‌ परीक्षाबी तवाच येत होती न जी. चौथीत तुमी मले नापास केलं. मंग सुटली शाळा."

मला त्याचं नाव आठवलं नाही. लाल शाई मात्र आठवली. मी तिच्याबद्दल फार काटेकोर होतो. मोहाची फुलं रात्री गळतात, उजाडायच्या आत वेचली नाहीत तर जनावरं खातात, आणि त्या महिनाभराच्या वेचणीवर घराचं मीठ-तेल चालतं, हे मला त्याने तिथे बसून सांगितलं. हे मला १९८५ मध्ये कुणीही सांगू शकलं असतं. मी विचारायला हवं होतं.

"माझं चुकलंच रे," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं जी? रजिस्टर तसंच रायते," तो म्हणाला आणि माझी पाण्याची बाटली उचलून चालू लागला.

दुपारच्या अंकाविषयी थोडक्यात. वेळापत्रकात आलापल्लीचं 'वनवैभव'ही कोंबलं होतं. सहा हेक्टरांचा हा जपलेला रानाचा तुकडा २०१४ मध्ये राज्यातला पहिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. ज्या सागांकडे बघताना टोपी पडते, त्यांना आम्ही वीस मिनिटं दिली. त्यातली सात समूहछायाचित्रात गेली. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत उभं आयुष्य रानात राहिले, आदिवासींकडून एकेक शब्द गोळा करत राहिले, आणि तरी विद्यार्थ्यासारखे बोलत. आम्ही वीस मिनिटांत बसमध्ये चढलो ते तज्ज्ञ होऊन.

परतताना प्रत्येकाच्या मोबाइलवर अभिप्रायाचा फॉर्म आला. बस कशी होती, जेवण कसं होतं, लीडर कसा होता. पाचपैकी तारे द्या. वाटाड्यासाठी रकाना नव्हता. मी मास्तर माणूस. सकाळीच हिशेब करून ठेवला होता. बारा गुणिले अठराशे म्हणजे एकवीस हजार सहाशे. वाटाड्याला मिळाले चारशे. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, मीच विचारलं. या वेळी विचारलं.

तेव्हा परीक्षणाचा समारोप. अशा सहली बंद व्हाव्यात असं मी मुळीच म्हणणार नाही. माझ्यासारखा मनुष्य वाटाड्याशिवाय त्या रानात गेला असता तर अस्वलाच्या वाटेत आडवा उभा राहून त्यालाच रस्ता विचारत बसला असता. शहरातल्या माणसाला बोट धरून नेणारं कुणीतरी हवंच, आणि मोजणाराही हवा. तक्रार इतकीच, की बोट कुणाचं धरायचं याची निवड चुकते. आपण वाट माहीत असलेल्याला हमाली देतो आणि भाषण पाठ असलेल्याला मान. सहलीवाल्या त्या पोराने हे आज केलं. मी हेच हजेरीपट हातात धरून अडीच वर्षं केलं. त्यामुळे त्याला पाचपैकी तीन तारे दिले. स्वतःला किती द्यायचे, त्याचा रकाना सुदैवाने नव्हता.

फॉर्मच्या शेवटी 'सूचना' म्हणून एक चौकट होती. तिच्यात मी लिहिलं : शिट्टी घरी ठेवावी. दिवसभरात एकच जागा दाखवावी. वाटाड्याला बोलू द्यावं आणि त्याला लीडरइतके पैसे द्यावेत. आणि चैतात पहाटेची सहल काढावी, मोह वेचताना. मात्र वाटाड्याचं त्या दिवशीचं वेचणं बुडू नये, आम्ही त्याला वेचू लागावं.

रात्री घरी पोचलो तर ही जागीच होती. "काय लिहीत होतात बसमध्ये? फोन लागेना."

"अर्ज," मी म्हणालो. "अठरावा."

"आता कुठे बदली हवीय?"

मी सांगितलं, "मुलचेऱ्याला."