पादुका व एकमुखी दत्त : एक आक्षेप

दत्त म्हटला कीं पादुका, आणि पादुका म्हटल्या कीं गुरुशिष्यसंबंधाचें प्रतीक, हें समीकरण आपल्याकडील लेखनांत इतकें रुळलें आहे कीं तें तपासण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. तापीकांठचें सारंगखेडा (जि. नंदुरबार) येथील दत्तस्थान त्यांत बसत नाहीं, म्हणून हा आक्षेप.

या समीकरणाचा आधार गुरुचरित्र होय. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुराहून श्रीशैलाकडे निघतांना, आपण अदृश्य रूपानें तेथेंच राहूं असें आश्वासन भक्तांस देतात. निर्गुण पादुका हें त्या आश्वासनाचें ठिकाण. औदुंबरच्या विमल व वाडीच्या मनोहर पादुका याच कुळांतल्या. येथें ‘प्रतीक’ हा शब्दही तोकडा पडतो. भक्ताच्या लेखीं ती गुरूची उपस्थितीच आहे. या कल्पनेचें मूळ भरताच्या नंदिग्रामांत शोधणें मात्र व्यर्थ. रामाच्या पादुका सिंहासनावर बसल्या त्या राज्याच्या धनी म्हणून; तेथें विश्वस्तपणा आहे, दीक्षा नाहीं.

सारंगखेड्याचा दत्त एकमुखी, महानुभाव परंपरेंतला. त्या पंथांत दत्तात्रेय हे पंचकृष्णांपैकीं एक. गुरूची शक्ति पुढें कशी गेली, याविषयींच्या पंथाच्या कथा पाहाव्या. दत्तात्रेयांनीं व्याघ्ररूपानें चांगदेव राऊळांच्या मस्तकीं पंजा ठेवला. चांगदेवांनीं द्वारकेस गोविंदप्रभूंच्या मस्तकीं सूप ठेवून वर खराटा हाणला. ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंनीं चक्रधरांस शेंगुळ्याचा प्रसाद दिला. पंजा, सूप, खराटा, शेंगुळें! या सबंध मालिकेंत पादुका कोठेंही नाहींत.

कोणी म्हणेल, महानुभावही ‘श्रीचरणांकित’ स्थानें वंदितातच. खरें आहे, ‘स्थानपोथी’सारखा ग्रंथ त्याचसाठीं झाला. परंतु तेथें वंद्य आहे ती प्रत्यक्ष पाऊल लागलेली भूमि. वस्त्रासारखी वस्तूही स्पर्शानेंच प्रसादरूप होते, आणि पादत्राण पूज्य ठरलें तरी तें या वस्त्राच्याच पंक्तीस बसेल, निराळ्या आसनावर नव्हे. स्पर्श एकदां घडला होता, हें महानुभावास पुरतें. गाणगापूरच्या भक्तास गुरु आजही येथें आहे, अशी ग्वाही हवी असते.

घोटाळ्याचें कारण बहुधा तिथि असावी. मार्गशीर्ष पौर्णिमेस सारंगखेड्यास यात्रा व घोड्यांचा प्रसिद्ध बाजार भरतो. त्याच सुमारास इतरत्र गुरुचरित्राचे सप्ताह पुरे होतात. यात्रेकरूस हें सारें एकच वाटलें तर वाटो. स्थानवर्णन लिहिणारानें मात्र या दत्तापुढें गाणगापूरच्या पादुका आपल्या मनानें आणून ठेवूं नयेत.