दानीएलाच्या दर्शनांतील चौथें श्वापद

दानीएलाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायांत समुद्रांतून चार श्वापदें वर येतात. पहिलें गरुडाचे पंख असलेल्या सिंहासारखें, दुसरें तोंडांत तीन फासळ्या धरलेल्या अस्वलासारखें, तिसरें चार पंख व चार शिरें असलेल्या चित्त्यासारखें. चौथ्यास मात्र कोणत्याच प्राण्याची उपमा नाहीं. त्यास लोखंडी दांत व दहा शिंगें असून त्यांमधून एक लहान शिंग निघतें व त्यापुढें तीन शिंगें उपटलीं जातात. श्वापदें म्हणजे राजे व त्यांचीं राज्यें, हें ग्रंथच सांगतो. वाद आहे तो हीं राज्यें कोणतीं याचा. आणि ग्रंथाचा कालनिर्णय बऱ्याच अंशीं याच वादावर अवलंबून आहे.

परंपरागत टीकाकार बाबिलोन, मेद-पारस, ग्रीस व रोम असा क्रम लावतात. त्यांचा सबळ आधार आठव्या अध्यायांत आहे. तेथें मेद व पारस यांचे राजे एकाच एडक्याचीं दोन शिंगें म्हणून दाखविले आहेत. हा आधार टाकाऊ नव्हे. तथापि त्यांपैकीं उंच शिंग मागाहून निघालें असें तेथेंच म्हटलें आहे, म्हणजे दोन सत्ता क्रमानें कल्पिल्या आहेत. शिवाय सहाव्या अध्यायांत मेदी दारयावेश व पारसी कोरेश यांच्या कारकीर्दी वेगळ्या मोजल्या आहेत. वस्तुतः बाबिलोनावर मेदांचा असा अंमल झालाच नाहीं. १८७९ सालीं तेथें सांपडलेला कोरेशाचा कोरीव मृण्मय दंडगोल, तें नगर त्यानें नबोनिदसाकडून थेट घेतल्याचें सांगतो. ही घटना इ. स. पू. ५३९ ची. परंतु येथें प्रश्न इतिहास कसा घडला हा नसून ग्रंथकारानें तो कसा कल्पिला हा आहे. त्याच्या गणनेंत मेद स्वतंत्र आहेत. म्हणून आमच्या मतें चौथें श्वापद ग्रीक सत्ता होय.

लहान शिंगावरूनही हेंच ठरतें. आठव्या अध्यायांतील लहान शिंग ग्रीक बकऱ्याच्या चार शिंगांपैकीं एकांतून निघतें व नित्याचा यज्ञ बंद पाडतें. हें वर्णन चौथ्या अंतियोखास (इ. स. पू. १७५–१६४) तंतोतंत लागू पडतें. तिसऱ्या शतकांतील पॉर्फिरीनें हेंच प्रतिपादिलें होतें. त्याचा ग्रंथ नष्ट झाला, पण त्याचें मत जेरोमनें खंडनार्थ नमूद केल्यामुळें टिकलें. अकराव्या अध्यायांतील वृत्तांत अंतियोखाच्या स्वाऱ्यांपर्यंत इतिहासाशीं जुळतो. त्याचा अंत मात्र समुद्र व पवित्र पर्वत यांच्या दरम्यान होईल असें सांगितलें आहे, आणि तो मेला पारस देशाकडे. भविष्य जेथें चुकूं लागतें, तेथेंच लेखकाचा काळ सांपडतो.

मग रोम आला कोठून? यरुशलेम इ. स. ७० मध्यें पडल्यावर लिहिलेल्या एज्राच्या चौथ्या ग्रंथांत याचें उत्तर आहे. तेथें गरुडाच्या रूपानें रोमचें दर्शन घडतें, व दानीएलाच्या चौथ्या राज्याचा हा अर्थ त्यास उलगडून सांगितला नव्हता, असें देवदूत स्पष्ट सांगतो. नवा अर्थ नवा आहे ही याहून मोठी कबुली ती कोणती?

हस्तलिखितांचा पुरावा येथें मोलाचा आहे. कुमरान येथें १९४७ पासून मिळालेल्या गुंडाळ्यांत दानीएलाच्या आठ प्रतींचे अवशेष आहेत. एका प्रतीचें वळण इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचें मानतात. म्हणजे ती मूळ रचनेपासून सुमारें अर्धशतकाच्याच अंतरावर येते. उलट १९३१ सालीं इजिप्तमध्यें प्रकाशांत आलेल्या ग्रीक पपिरसांत सातवा-आठवा अध्याय पांचव्याच्या आधीं घातला आहे. बेलशस्सराच्या मृत्यूपूर्वींचीं दर्शनें त्याच्या मृत्यूच्या आधीं यावीं, हा त्यांतील हेतु उघड दिसतो. लेखनिक हाही भाष्यकारच असतो.

या भेदाकडे दुर्लक्ष करून आपल्याच काळीं पांचवें राज्य येणार असें मानणारे लोक १६६१ सालीं लंडनच्या रस्त्यांत शस्त्र घेऊन उतरले, व त्यांच्या पुढाऱ्यांस फांशीं जावें लागलें. प्रतीकाचा अर्थ प्रथम त्याच्या कर्त्याच्या काळांत शोधावा. पुढील युगांनीं त्यांत घातलेले अर्थ त्या त्या युगांचा इतिहास म्हणून जपावे. दोहोंची सरमिसळ मात्र करूं नये.